दोनशे पानी वही

घणसोली गावठाणात, पिठाच्या गिरणीला लागून
माझं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, फुटलेल्या काचा.
गल्ल्यात एक दोनशे पानी वही,
तिच्यात अर्ध्या गावाचे पासवर्ड.

"मना नय लक्षात राहत, तूच लिव्हून ठेव," म्हणतात
आणि ओटीपीसुद्धा रस्त्यावरूनच ओरडून सांगतात.
अकरा जणांचा पासवर्ड एकच : एकवीराआई, पुढे एक दोन तीन.
परशुरामशेठचा, पळून गेलेल्या मुलीची जन्मतारीख.
हे त्याच्या घरात कुणाला माहीत नाही.
मला आहे. वहीला आहे.

संपर्क, फोटो, ठावठिकाणा, माइक :
अनुमती द्यायची का, फोन विचारतो.
मी वाचून दाखवायला लागलो की जांभया देतात.
"दाब रे तू."
मी दाबतो.
शहाण्णव घरांची संमती
माझ्या एका अंगठ्याने दिलेली आहे,
ज्याला बहुतेक वेळ सोल्डरचा वास येतो.

परवा वरून आदेश आला.
हिरवं नव्हे, निळं नव्हे, ते तिसरं ॲप बंद.
कारण दोन ओळींचं, त्यातली एक ओळ
कलमांच्या आकड्यांनीच भरलेली.
पोरं तासाभरात चौथ्या ॲपवर गेली.
तिथेही मीच दाबलं.

लाडकूबाई म्हात्रे दुपारी आली,
चिंबोऱ्या विकून, रिकामी पाटी दाराशी पालथी घालून.
फोन माझ्यापुढे धरला दोन्ही हातांत,
आजारी कोंबडी धरावी तसा.
"यो बोलत नय आज."

आत हिराजी होता.
टगबोटीवर इंजिनाला असायचा, उरणच्या बाजूला.
तिथे रेंज तुटकी, हेच एक ॲप तेवढं चालायचं.
एक्केचाळीस व्हॉइस मेसेज.
त्याला जाऊन दोन शिमगे झाले.
ती रोज एक ऐके, क्रमाने,
संपले की पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, आवाज फोनमध्ये नसतो, मावशी,
सर्व्हरवर असतो.
"त्यो कुठं असतो?"
मी बोट केलं म्हाप्याकडे.
खिडक्या नसलेल्या त्या इमारती, रात्रभर घुमणाऱ्या,
तिथे असेल. नाहीतर दुसऱ्या देशात.
कुणालाच नक्की ठाऊक नाही.

पुढचं तिने ऐकलंच नाही.
"म्हाप्याला? तिथं त आमची भातखाचरं होती.
माज्या सासऱ्याचा अंगठा हाय त्या कागदावर.
नणंदेचा पोर तिथंच वाचमन हाय.
मंग चालत जाव, घेवन येव."

काय सांगणार.
त्या पोराला दुसऱ्या फाटकापलीकडे सोडत नाहीत,
त्याचाही फोन गेटवर काढून घेतात.

ती उठली नाही.
"वही काढ. पाठ हायेत मना. लिव्ह."
परशुरामशेठच्या पुढचं पान कोरं होतं.

एक. पंखा बंद कर, बिल येतंय.
दोन. जेवलीस? मी बोंबील खाल्ले, खारट होते.
तीन. काय नय, असाच लावला.
चार. नुसतं इंजिन.
पाच. आधार लिंक कर गो, नायतर पैसं अडकतील.

नवव्याला ती थांबली आणि खोकली.
तिचा खोकला नव्हता तो.
खालून खरवडत वर येणारा,
शेवटी एक शिवी हाणणारा.
"लिव्ह," म्हणाली.
पेन तसंच हातात.

जाताना पाटी उचलून वळली.
"तुज्या वहीला त कुनी बंद करनार नय ना?"
नाही म्हणालो, पटकन,
न वाचता दाबावं तसं.

रात्री शटर ओढायच्या आधी गल्ल्याकडे पाहिलं.
कुणीही ओढला तर उघडतो.
सात वर्षं असाच आहे.

गिरणीवाल्याकडून एक कुलूप मागून आणलं.
मग चावी कुठे ठेवायची, या विचारात
बराच वेळ पायरीवर उभा होतो.