मळीबद्दल तक्रार

वखारभागात, हळदीच्या दोन गोदामांमध्ये चेपलेलं
आदगोंडा मगदूमचं दुकान आहे.
पाटीवर : घरगुती वाइनचे सर्व साहित्य.
आत काचेचे फुगीर कॅन, रबरी बुचं, पारदर्शक नळ्या,
यीस्टच्या पुड्या, जवाची पोती,
आणि पोत्यांवर
मळी.

मळी म्हणजे मांजर.
कारखान्याच्या मळीसारखी काळी,
तशीच सावकाश ओघळणारी
एका पोत्यावरून दुसऱ्यावर.

मी एकतीस वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवलं.
'निर्जंतुक' या शब्दातला रफार
फळ्यावर कधी विसरलो नाही.
म्हणून फेब्रुवारीत, द्राक्षं उतरायच्या दिवसांत,
मी मगदूमकडे तक्रारवही मागितली.
नव्हती.
त्यानं उधारीच्या वहीचं मागचं पान काढून दिलं.

लिहिलं : जिथं उकळत्या पाण्यानं धुतलेली नळी
आपण पुन्हा एकदा धुतो, तिथं मांजर कसं?
तिचे केस, तिचे पंजे,
तिचं वजनकाट्याच्या पारड्यात झोपणं.
खाली सही. सहीखाली पदवी.

मगदूमनं ओठ हलवत सगळं वाचलं.
म्हणाला, "सर, तुमचं बरोबर हाय.
पण उंदरं वही वाचत न्हाईत."

त्या वर्षी माझा कॅन बिघडला.
तासगावच्या मेहुण्याच्या बागेतली बारा किलो काळी द्राक्षं,
आठव्या दिवशी नेलपॉलिशचा वास,
वर पांढरट साय, आणि सायीत
एक केस.

त्या केसाचा मला जो आनंद झाला
तो वाइन जमली असती तरी झाला नसता.
चिमट्यानं उचलून, काचपट्टीवर ठेवून
रिक्षानं विश्रामबागेतून वखारभागात आणला.
दुकानात गिऱ्हाइकं होती. म्हटलं, बरंच झालं.

मगदूमनं चष्मा कपाळावर सरकवला,
पट्टी उजेडाला धरली.
मळी पारड्यातून बघत होती,
काटा दाखवत होता तीन किलो चारशे.
"पांढरा हाय की ओ," तो म्हणाला.
मग त्यानं मळीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.
काळी. शेपटीच्या टोकापर्यंत काळी.
मग सगळ्यांनी, हळूच,
माझ्या मिशीकडे.

कुणी हसलं नाही.
सांगलीत असं तोंडावर हसत नाहीत,
चहा सांगतात.

चहा पिताना त्यानं भिंतीवरची रेघ दाखवली,
पंख्याच्या खाली वीतभर. पुराची.
पाणी उतरल्यावर शटर पहारीनं उचकटलं,
तर जव पोत्यातच आंबलेलं,
कुणी न सांगता, कुणी न मोजता.
आणि सगळ्यात वरच्या फळीवर,
दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये,
एवढंसं ओलं, काळं काहीतरी
त्याच्यावरच फिस्कारलेलं.
"आता हिला कुठल्या नियमानं भाईर काढू?"

मला दोन नियम आठवत होते.
सांगितले नाहीत.

यीस्टची एक पुडी घेतली. पाच ग्रॅम.
आत किती जीव झोपलेत, याचा आकडा
मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचो
आणि मागच्या बाकावरची पोरं जांभई द्यायची.
पुडीवर तारीख छापलेली असते,
इथवर जिवंत, पुढची हमी नाही.
मळीला उलटसुलट करून बघावं, असं एकदा वाटून गेलं.

माझं मत बदललेलं नाही.
मांजर अशा दुकानात नकोच.
हल्ली फक्त द्राक्षं चुरडताना
मी मिशीवर फडकं बांधतो,
आणि बायको दुसऱ्या खोलीत जाऊन खोकते.

परवा मागची बाकी द्यायला गेलो.
वही उघडीच होती, माझ्याच पानावर,
आणि पानावर ती, चारी पाय पोटाखाली.
"किती निघतात रे माझे?"
"हिला उठवा, मग सांगतो."

मी स्टूल ओढलं.
समोरच्या गोदामात हळद ओतत होते,
पिवळी धूळ उंबऱ्यापर्यंत येऊन बसत होती.
तिचं पोट वरखाली होत होतं,
त्याखाली माझा हिशेब.
मला काही घाई नव्हती.