पुठ्ठा

दांडिया बाजारात, जिन्याखालच्या गाळ्यात,
रंगनाथ फणसे घड्याळं उघडून बसायचे.
माझं दुकान वर. दुकान कसलं,
एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या
आणि काचेवर चिकटवलेलं: वेबसाइट बनवून मिळेल.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात
ते गुडघ्यावर हात टेकत वर आले.
म्हणाले, माझ्या लंबकाच्या घड्याळाचं पान कर.
फोटो नको, फोटोतलं घड्याळ बंदच असतं.
बोट लावलं की दार उघडायला हवं,
किल्ली फिरवली की ठोके पडायला हवेत,
बाराच्या वेळी बारा.

केलं. फ्लॅशमध्ये, अकरा रात्री जागून.
माझ्या पडद्यावर छान हललं.
सायबर कॅफेत नुसता करडा चौकोन.
तिसऱ्या ठिकाणी अट: आधी टिचकी मारा, मग जागं होईल.
चौथीकडे लंबक हलायचा पण आवाज नाही,
आणि भरूचहून त्यांची पुतणी मंदा फोनवर:
काका, इथे तर भिंतच दिसते हो.

खालून रोज हाक यायची, गुजरातीत,
गिऱ्हाइकांशी बोलायची सवय म्हणून:
चाले छे?
माझ्याकडे चालतंय, मी म्हणायचो.
या धंद्यातलं सगळ्यात खोटं वाक्य.

एकदा वैतागून खाली उतरलो, म्हटलं,
एकच घड्याळ आहे, तर सगळीकडे सारखं का नाही चालत?
ते भिंतीवर एक घड्याळ टांगत होते.
बोलले नाहीत. कान लावून उभे.
टक, टकटक. टक, टकटक. लंगडत होतं.
मग पोस्टकार्ड फाडलं, घडी घातली,
खालच्या कोपऱ्यात, लाकूड आणि चुन्याच्या मधे सरकवली.
टक. टक. टक. टक.
भिंत कुणाची सरळ असते रे, म्हणाले,
ती काय आपल्याला पाडून बांधायची आहे?

तेव्हापासून पुठ्ठेच घातले.
एक पेटी लिहिली, तिच्या पोटात दुसरी.
ज्याला बाहेरची कळते तो तिथेच थांबतो,
ज्याला नाही कळत तो आत शिरतो.
आणि सगळ्यात आत, जिथे कुणाचंच काही चाललं नाही
तिथे एक साधी ओळ लागते.
काय लिहू, विचारलं.
फणसे भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाले, लिही:
इथे घड्याळ आहे. दिसत नसेल तर दुकानात या.
दहा ते आठ. गुरुवारी बंद.

ते गेले तेराच्या पावसाळ्यानंतर.
खाली आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
मग एका डिसेंबरात फ्लॅशच बंद झालं,
सगळीकडे, एकदम. कुठल्याच पुठ्ठ्यानं भागेना.
दार गेलं, किल्ली गेली, बाराचे बारा गेले.
पान मात्र आहे. वर्षाला आठशे रुपये भरतो मी,
का ते बायकोला अजून सांगता आलेलं नाही.
आता तिथे तेवढंच दिसतं:
दुकानात या.

परवा पादऱ्याहून एक माणूस आला.
चादरीत गुंडाळलेलं घड्याळ,
हातात मोबाइल, त्यावर ती ओळ.
खाली सांगितलं म्हणे, वर विचारा.
मला घड्याळातलं काही कळत नाही, म्हटलं.
तो खुर्चीवर बसला. घाम पुसला. आज शुक्रवार आहे, म्हणाला.

खिळा होता कॅलेंडरचा. कॅलेंडर काढलं.
घड्याळ टांगलं, किल्ली दिली, लंबकाला बोट लावलं.
टक, टकटक.
खिशातलं कार्ड काढून घडी घातली, सरकवली.
दोघंही कान लावून.
टक, टकटक.
चाले छे? त्यानं विचारलं.
थांबा, म्हटलं,
आणि आणखी एक घडी घातली.