नावापुरता कोळी

ओस्त्राव्यात शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या कड्याखाली
वर्षातून दोनदा भरतो तो बाजार.
टेबलांवर दह्याच्या रिकाम्या डब्या,
झाकणांना सुईची भोकं,
आत काहीतरी जिवंत.

बाबा सापांपुढून न थांबता गेले.
सापांशी त्यांचं वाकडं नाही,
सापाला लागणाऱ्या विजेच्या बिलाशी आहे.
"याला दिवा लागत नाही,"
शेवटच्या टेबलामागची लोकरी टोपीतली मुलगी म्हणाली,
आणि बाबांनी तिथेच खुर्ची ओढली.
एकतीस वर्षं जमिनीखाली कोळसा फोडलेल्या माणसाला
दिवा न मागणाऱ्या जिवाबद्दल आदर वाटणारच.

चाबूक-कोळी.
अंगावरून कोळशाची वाघीण गेल्यासारखा चपटा.
पुढचे दोन पाय चालण्याचे नव्हेतच,
अंगाच्या कितीतरी पट लांब, दोऱ्यासारखे,
हवा चाचपत, सावकाश,
किल्ली विसरलेल्या माणसाने दार चाचपावं तसे.
विष नाही. जाळं नाही.
नावापुरता कोळी.

रादका, म्हणजे ती मुलगी, पोटतिडकीनं सांगत होती:
पोट खपाटीला गेलेला घेऊ नका.
पलीकडच्या टेबलावर स्वस्त आहेत,
ते टांझानियाहून पकडून आणलेत, खोक्यात कोंबून,
निम्मे वाटेतच जातात.
माझे इथलेच, ओलोमोउत्सला माझ्या न्हाणीघरात जन्मले,
आईच्या पाठीवर बसून होते आठवडाभर,
एकवीस जण.
"एकवीस," बाबा म्हणाले, स्वतःशीच,
पाळीच्या शेवटी वर आलेली डोकी मोजावीत तसे.

मग त्यांनी नेमका तो दाखवला
ज्याचा डावा चाबूक अर्ध्यावर तुटला होता.
"तो नको, तुम्हाला अख्खा देते."
"हाच."
"बरं. कात टाकली की परत येतो म्हणा.
थोडा आखूड. पण येतो."
बाबांचा डावा हात खिशात होता.
सत्याऐंशीनंतरच्या सगळ्या फोटोंत
तो खिशातच आहे.

काचेचं घर उभं हवं, आडवं चालत नाही,
हे आईला तीनदा समजावून झालं.
कात टाकताना तो उलटा लटकतो,
खाली पुरेशी मोकळी जागा नसली
तर ओल्या अंगानं तळाला टेकतो
आणि वाकडाच वाळतो.
"छताची उंची," बाबा म्हणाले,
"माणसं तिथेच काटकसर करतात."
बुचाच्या झाडाची साल, तिरपी टेकवलेली.
ओलसर माती. रोज पाण्याचा फवारा,
त्यात आईची इस्त्रीची बाटली गेली ती गेलीच.

मार्च ते जून
आम्ही एक साल पाळली.
शेजारच्या ह्रुबाबाई चष्मा काचेला लावून म्हणाल्या,
"छान आहे, पण केव्हा आणणार?"
रात्री सोडलेले रातकिडे सकाळी कमी असत,
एवढाच त्याचा पत्ता.

जूनमध्ये रात्री अडीचला
बाबांनी माझं दार ठोठावलं,
तीनदा, थांबून दोनदा, खाणीतल्यासारखं.
लाल कागद गुंडाळलेली बॅटरी.
सालीखाली तो लटकत होता,
स्वतःमधून बाहेर पडलेला,
सोललेल्या काकडीसारखा हिरवट,
इतका कोवळा की नजरेचाही धक्का लागेल.
शेजारी त्याचं कालचं अंग, रिकामं,
त्याच्या तुटक्या चाबकासकट.

नवा डावा चाबूक
उजव्यापेक्षा कमी होता, फार नाही.
"बोटभर," मी म्हणाले,
आणि जीभ चावली.
बाबा हसले असावेत. अंधार होता.
पण बॅटरी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली,
आणि ती डाव्यातच राहिली.

त्या गडबडीत एक रातकिडा निसटला.
आठवडा झाला, फ्रिजमागून ओरडतोय.
आई म्हणते, राहू दे त्याला,
घरात आहे हे कळतं तरी.