पिन अडकते तिथे

नाशिकरोडला, बिटकोच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान होतं. पाटी अजून माळ्यावर आहे :
'गाणी भरून मिळतील.'

एक तबकडी मात्र कुणीच भरून नेली नाही.
बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
गोणपाटावर गंजकी कुलपं, नळाच्या तोट्या आणि ती.
देवळाली कॅम्पातली आहे, विकणारा म्हणाला,
कुण्या सोल्जरच्या ट्रंकेतली.
लेबल कसरीने खाल्लेलं,
बाईच्या नावाचं शेवटचं अक्षर तेवढं वाचता येई.

गाण्याआधी ती खोकते.
मग गिटारची एक तार, जरा उतरलेली,
मग हाक :
दारणेला पाणी चढल्यावर
पल्याडच्या माणसाला घालतात तशी.
शब्द कळायचे नाहीत. हाक कळायची.

तिसऱ्या ओळीवर तडा.
पिन तिथे अडकायची,
ओ लॉ— ओ लॉ— ओ लॉ—
मी हेडवर चार आण्याचं नाणं ठेवायचो
तेव्हा कुठे बाई पुढे सरकायची.

परवा भाचा आला, ओजस,
सातपूरला प्रेसशॉपमध्ये दुसऱ्या पाळीत असतो.
लॅपटॉप उघडला, वायर जोडली, ऐकत बसला.
म्हणाला, मामा, नाणं काढ.
मला अडकलेलंच पाहिजे.

चार सेकंद नेले त्याने.
खरखर ठेवली. खोकलाही ठेवला.
खाली ठोका दिला तो पॉवर प्रेसचा,
सुपरवायझर चहाला गेल्यावर मोबाइलवर घेतलेला.

द्वारकेच्या सिग्नलला काल ऐकलं,
रिक्षातून.
मागच्या सीटवरची मुलगी ओठ हलवत होती,
ओ लॉ, ओ लॉ,
तड्यासकट पाठ.

तीनशे सत्तर रुपये आले त्याला.
अर्धे माझ्यापुढे ठेवले.
आणि बाईचे? मी विचारलं.
दोघंही लेबलकडे बघत राहिलो.
हाकेच्या अंतरावर नोटा छापतात इथे,
रात्रंदिवस,
आणि तिचे कुठल्या पत्त्यावर धाडायचे
कुणाला विचारावं?

पैसे तबकडीच्या कव्हरात घातलेत.

रात्री दार लोटून मी नाणं परत ठेवतो.
बाहेर कुठे चालत नाही आता ते,
इथे चालतं.
तडा ओलांडून ती चौथ्या ओळीवर येते
आणि गाता गाता हसते,
खोलीतलं कुणीतरी काहीतरी बोललं असावं.

हे ओजसला सांगितलेलं नाही अजून.