टर्बो, वापरलेला

घणसोलीचा मढवी आला.
मी पार्किंगमध्येच गोणपाट उलगडलं.
बोलला नाही काही. करंगळीने
पंख्याला टिचकी दिली, मग शाफ्ट
वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिला.
एकदा पोळलेलं पोर.

म्हटलं, केसिंगला चीर आहे, केसाएवढी.
तुर्भ्याच्या शौकतने भरलीय.
तापलं की दिसते.
‘मग सांगता कशाला, काका?’
मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून.

चार हजार सोडले. नट फुकट दिले,
तीनच. चौथा गाडीवरच गंजून बसलाय.
‘गाडी कुठंय?’
कळंबोलीला. भंगारात.

तो जरा थांबला,
मग गोणपाटही मागितलं.

वर आलो. दाराची कडी
काळी झाली माझ्या हाताने.
बायको म्हणाली, साबण घ्या आधी.
घेतो म्हटलं,
आणि बसून राहिलो.