उखळ झाडलं नाही

पाडवा सरला की माझ्या डंकाला तोंड फुटतं.
उत्तरेश्वर पेठ, बोळाच्या आत, पाटी नाही.
वासावर या. शिंका मोजत या.

सकाळचं पहिलं उखळ मगदूमवहिनींचं.
त्यांच्यात कांदा चालत नाही, लसूण चालत नाही,
म्हणून रात्रीच धुऊन, पुसून, पालथा हात फिरवून ठेवते.
मग शिकलगारांची जुबेदा. खोबरं करपायच्या काठावर आणलेलं,
"काळाच पायजे, मावशी."
मग खानावळवाले भोपळे, पोत्यानं.
ब्याडगी घेतात रंगाला
आणि संकेश्वरी इभ्रतीला.

अक्षर मला जेमतेम लागतं,
पण घरं मी मिरचीवरनं वाचते.
दोन किलोची दीड झाली :
म्हाताऱ्याला डॉक्टरनं दम दिलाय.
लवंगी वाढली : जावई तालमीतला.
एकाएकी पावशेरच, आणि मान खाली,
तेव्हा मी विचारत नाही.
कांडपाचे पैसे पुढच्या खेपेला, म्हणते.

पण सरनाइकांचं यंदा सांगितलंच पाहिजे.

तीन वर्षांमागं त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या.
थोरली अक्काताई, तिनं सासूची चिठ्ठी घेतली,
वहीचा फाटका कागद, हळदीचा डाग,
धने अर्धा शेर, दगडफूल मूठभर, खसखस हात राखून.
धाकट्या शालननं काही घेतलं नाही.
तिच्या हातात होतं तेवढंच :
मेथी सगळ्यात शेवटी,
गॅस बंद करून, नुसत्या तव्याच्या धगीवर.
हे कागदावर नाही.
सासूला लिहावंसं वाटलं नसेल.
श्वास घ्या, असं कोण लिहून ठेवतं?

दरसाल दोघी वार चुकवून यायच्या
आणि डब्यात नाक घालून एकच बोलायच्या,
"आत्तींच्यागत न्हाई झाला."

यंदा मंगळवारी दोघी एकदम उगवल्या.
मध्ये भोपळ्यांचं पोतं ठेवून बसल्या,
एक रस्त्याकडं बघत, एक माझ्या कॅलेंडरकडं.
अक्काताईचा कांडला, चाळला,
वरची भरड परातीत बाजूला काढली.
शालनचा उखळात पडला
आणि लाईट गेली.

डंक वर अडकला. मिरची हवेत.
पाऊण तास.
कुणी बोलेना. बाहेर कुणी तरी गुळाची ढेप उतरवत होतं,
तेवढाच आवाज.
मग दोघींना एकाच वेळी शिंक आली,
अशी, की पोतं हललं.
हसू आलं का, तर मला आलं.
त्यांनी पदर तोंडाला लावलेला, कळायला मार्ग नाही.

लाईट आल्यावर शालनचा कांडला.
अक्काताईची भरड परत घातली.
मी काहीच केलं नाही, देवाशप्पथ.
दोन्ही वेळा उखळ तेवढं झाडलं नाही.
कोपऱ्याकोपऱ्यात चिमूट चिमूट राहिली होती,
राहू दिली.

रविवारी दुपारी दोन पोरं आली, अर्ध्या तासाच्या फरकानं,
दोघांच्या हातात झाकलेली वाटी.
तांबडा. वर तेलाचा तवंग,
कडेला तो रंग, जो विकत मिळत नाही.
"आईनं सांगितलंय, चाखून सांगा, जमलाय का."

खरं सांगू, मी रविवारी पांढऱ्या रश्श्याची.
आठवडाभर तांबडं डोळ्यांतनं जेवते,
मग नारळाच्या दुधात जरा विसावा घेते.
पण दोन्ही वाट्या संपवल्या. भाकरीनं पुसून.

आता घासून पालथ्या घातल्यात.
परत द्यायच्या तर कुठली कुणाची?
दोन्हींच्या काठावर एकच नाव कोरलंय,
अर्धं झिजलेलं,
सौ. गोदाबाई ब. सरनाईक.