झोपेच्या वेळी

बावीस वर्षं चिठ्ठ्या वाचते आहे,
खारकर आळीच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानात.
बी.डी. म्हणजे दोन, टी.डी.एस. म्हणजे तीन,
एच.एस. म्हणजे रात्री.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी
पाकिटावर सूर्य काढते, अर्धा सूर्य, चंद्रकोर.
मलाही वाचता येत नव्हतं
हे यंदा कळलं.

पुस्तक लॅटिनचं, अर्थ इंग्रजीत.
शटर अर्धं ओढून रोज दहा शब्द.
एका परक्याचं बोट धरून
दुसऱ्या परक्याच्या घरी निघाले आहे मी.

इग्निस, फायर.
फायर, फायर असं घोकलं
आणि मग जीभ चावली.
अग्नी तर आमच्याच चुलीतला.
पत्ता विचारायला लंडनपर्यंत गेले,
घर निघालं भिंतीला भिंत लागून.

नौता, सेलर.
पुस्तकातला सेलर सतत कुणाला तरी गुलाब देत असतो.
मला मात्र नौता म्हटलं की
चेंदणीच्या खाडीत चिखलावर कललेली होडी दिसते,
आणि गुलाब वगैरे काही नाही, जाळं.

अ‍ॅब्लेटिव्हपाशी पुस्तकाची दमछाक होते.
बाय, विथ ऑर फ्रॉम, लिहितं बिचारं.
इंग्रजीला प्रत्यय नाहीत,
प्रत्येक नामापुढे एक हमाल उभा करावा लागतो.
भिसेबाईंनी छडी आपटत म्हणवून घेतलेलं
ने, शी, ऊन, हून
चाळीस वर्षांनी कामाला आलं.

डिमॉन्टेकाका चरईहून येतात, छत्री टेकत.
लहानपणी त्यांच्या देवळात
पाद्रीबाबांच्या मागे घंटी धरून उभे असायचे.
लॅटिन सगळं पाठ, अर्थ एकाचाही नाही.
मी म्हटलं, आंते किबुम, जेवणाआधी.
'चीबुम, पोरी.'
पुस्तकात क आहे, काका.
'पुस्तकाला सांग, पाद्री तसं म्हणत नसत.'

मग देवाणघेवाण सुरू झाली,
सुट्या पैशांबरोबर काउंटरवरून.
ते उच्चार द्यायचे, मी अर्थ.
'पानेम म्हणजे काय गं?'
पाव.
'आपला पाव?'
आपला पाव.
'म्हणजे मी त्याच्याकडे इतकी वर्षं पाव मागत होतो!'
आणि हसता हसता खोकला.

त्यांचं नाव लिनस.
हाक मारताना, मी सांगितलं, शेवट बदलतो: लिने.
'माझी आय लिन्या म्हणायची.'
झालं तर. तुमच्या आईला लॅटिन येत होतं.
'आणि सेराफिना?'
आकारान्त. हाक मारली तरी तसंच राहतं.
'बरंय,' म्हणाले,
'तीही हल्ली हाकेला हलत नाही.'

सेराफिनाकाकूंची गोळी एकच, एच.एस.
होरा सोम्नी.
ॲट द अवर ऑफ स्लीप, पुस्तक सांगतं, पाच शब्दांत.
माझे दोनच पुरले.
होरा आपल्या पंचांगातला,
सोम्नुस हा स्वप्नाचा लांबचा भाऊ.
झोपेच्या वेळी.
पाकिटावर मी चंद्रकोर काढली होती,
जरा नीट, निगुतीनं.

आषाढात काका आले ते स्ट्रिप घेऊन.
चार गोळ्या शिल्लक.
कापलेली स्ट्रिप परत घेत नाही, अशी पाटी
माझ्याच डोक्यावर लटकत होती.
मी घेतली.

पैसे मोजून झाले तरी ते उभेच.
'तिच्याविना, याला काय म्हणतात?'
सिने.
पुढे अ‍ॅब्लेटिव्ह लागतो, मी म्हटलं,
(का म्हटलं? दुसरं काय सांगणार होते?)
सिने सेराफिना.
नाव तेच, फक्त शेवटच्या अक्षरावर
एक आडवी रेघ.

'रेघ ऐकू येते?'
येते. आ थोडा लांबतो.

छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून
काकांनी तो लांबवला.
बरोबर होतं, व्याकरणाने.
मला मात्र हाकच वाटली.
त्यांच्या मागून कुणीतरी
खोकल्याचं औषध मागत होतं.